अनोळखी रेसिंगपटांच्या जुन्या प्रिंटमध्ये संग्राहकांना दिसतं तरी काय?

इचलकरंजीहून एका वाचकानं विचारलंय. त्यांच्या मेव्हण्यानं मुंबईच्या चोर बाजारातून सोळा एमएमची एक प्रिंट, म्हणजे सोळा मिलिमीटर रुंद फिल्मवरची सिनेमाची प्रत, आणली. १९५०च्या दशकातला मोटार रेसिंगचा परदेशी सिनेमा, सोळाशे फुटांची दोन रिळं. नाव घरात कुणी ऐकलेलं नाही, नट ओळखीचे नाहीत. गोष्ट म्हणजे दोन ड्रायव्हर, एक पोरगी आणि शेवटच्या फेरीत कुणाला तरी उपरती. मेव्हण्यानं मोजलेल्या पैशात एखादी सेकंडहँड स्कूटर आली असती. ‘यात संग्राहकांना दिसतं तरी काय? आणि मला असं काही घ्यायचं झालं तर काय बघून घ्यावं?’ कोल्हापुरात सोळा एमएमचं मशीन चालवणारा आणि प्रिंट जमवणारा म्हणून प्रश्न माझ्याकडं आला आहे.

पहिलं सांगून टाकतो. गोष्टीसाठी ही प्रिंट कुणी घेत नाही. गोष्ट टुकारच असते, आणि ती टुकार आहे हे घेणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं. नायकाच्या मागं जे दिसतं, त्याचे पैसे मोजलेले असतात.

मोटार रेसिंगच्या सिनेमाचं अर्थकारण जरा उलटं आहे. राजवाडा हवा तर प्लायवूडचा उभा करता येतो. शर्यत उभी करायची म्हणजे वीस-पंचवीस गाड्या, त्या चालवणारी माणसं, बंद केलेला रस्ता आणि कडेला हजारोंची गर्दी. हा खर्च लहान निर्मात्याच्या आवाक्याबाहेरचा. मग तो काय करायचा? कॅमेरा घेऊन सरळ खऱ्या शर्यतीला जायचा, मिळेल ते टिपून आणायचा, आणि नटाला स्टुडिओत उभ्या गाडीत बसवून मागच्या पडद्यावर रस्ता पळवायचा. त्यामुळं सिनेमा जितका स्वस्तातला, तितका त्यात खऱ्या शर्यतीचा ऐवज जास्त. हे एकदा डोक्यात बसलं की मेव्हण्याचा व्यवहार तेवढा वेडगळ वाटणार नाही.

दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा. जॉन फ्रँकनहायमरचा ‘ग्रां प्री’ १९६६चा. ६५ एमएम निगेटिव्हवर चित्रित, तीन ऑस्कर, जेम्स गार्नरनं स्वतः गाडी हाणलेली, मोंझाच्या उभ्या काँक्रीट वळणावरचं चित्रीकरण. थोर काम आहे, वाद नाही. पण नटांच्या हातात दिलेल्या त्यातल्या बऱ्याचशा ‘फॉर्म्युला वन’ गाड्या मुळात खालच्या वर्गाच्या, फॉर्म्युला थ्रीच्या, वरून साज चढवलेल्या. आता रॉजर कॉर्मनचा १९६३चा ‘द यंग रेसर्स’ घ्या. पैसा बेताचा, मंडळी मोजकी. १९६२च्या हंगामात एका ग्रां प्रीहून दुसऱ्या ग्रां प्रीला गाठोडं बांधून फिरत त्यांनी तो चित्रित केला. ध्वनिमुद्रणाला जो पोरगा होता, त्याचं नाव फ्रान्सिस फोर्ड कपोला. पुढं ‘द गॉडफादर’ काढला तोच. सिनेमा म्हणून ‘यंग रेसर्स’ आज कुणाला बसवून दाखवला तर चहाच्या निमित्तानं निम्मी माणसं उठतील. पण मागं जे पळतंय ते १९६२चं खरं रेसिंग आहे, रंगीत, आणि ते परत कुणाला चित्रित करता येणार नाही.

त्या काळात पूर्ण शर्यत टीव्हीवर दाखवणं हा अपवाद होता. न्यूजरील, म्हणजे थिएटरात दाखवायचा बातमीपट, असायची, पण त्यात एका शर्यतीला मिनिट-दोन मिनिटं मिळणार आणि तीही बहुधा कृष्णधवल. अपघात, झेंडा, हार घातलेला विजेता, संपलं. शर्यतीच्या आधीचा कंटाळवाणा अर्धा तास, पिटमधली, म्हणजे गाड्या पेट्रोल-दुरुस्तीला थांबतात तिथली, धावपळ, गाड्या ट्रकवरून उतरवणं हे न्यूजरीलवाल्याच्या कामाचं नव्हतं. सिनेमावाल्याला मात्र ते लागायचं, कारण त्याच्या नायिकेला कुठंतरी उभं राहून रडायचं असायचं.

माझ्याकडच्या एका प्रिंटमधलं उदाहरण देतो. नायिका पिटच्या कठड्याला टेकून उभी आहे, डोळ्यांत पाणी. हा शॉट आठ सेकंदांचा, म्हणजे सेकंदाला चोवीस धरले तर १९२ फ्रेम. मशीनवर फिल्म थांबवून बघता येत नाही, दिव्याच्या उष्णतेनं फ्रेम करपते. म्हणून ही फिल्म रिवाइंडरवर, म्हणजे रीळ गुंडाळायच्या यंत्रावर, चढवायची, खाली काच, काचेखाली ट्यूब, डोळ्याला भिंग, आणि हातानं एकेक फ्रेम सरकवायची. नायिकेच्या डाव्या खांद्यामागं एक मेकॅनिक डब्यातून पेट्रोल ओततोय. फनेल पत्र्याचं, तोंडात सिगारेट. दुसरा तांब्याच्या हातोड्यानं चाकाची मधली चक्री ठोकून सैल करतोय. चाकं तारांची. गाडीच्या कुशीवरचा आकडा ब्रशनं हातानं काढलेला, रंगाचा एक ओघळ तसाच वाळलाय. कठड्यापलीकडं गवताच्या पेंढ्या, आणि पेंढ्यांवर पाय सोडून बसलेली शाळकरी पोरं. संरक्षण म्हणून एवढंच. दिग्दर्शकाला यातलं काहीही दाखवायचं नव्हतं, त्याचं लक्ष बाईच्या डोळ्यांवर होतं. संग्राहक या १९२ फ्रेमसाठी दोन रिळं विकत घेतो.

आणि मग जुळवाजुळव सुरू होते. हा खरा नाद. गाडीचा आकडा, रंग, ड्रायव्हरचं हेल्मेट, मागची जाहिरात, झाडांच्या सावल्या यावरून ती कुठली शर्यत, कुठलं साल, सरावाचा दिवस की शर्यतीचा, हे काढायचं. जुने निर्माते एकदा मिळालेला माल सोडत नसत. हॉवर्ड हॉक्सचा जेम्स कॅग्नीला घेऊन केलेला १९३२चा ‘द क्राउड रोअर्स’ आहे, त्यातली शर्यतीची दृश्यं त्याच कंपनीनं १९३९च्या ‘इंडियानापोलिस स्पीडवे’मध्ये पुन्हा वापरली. म्हणजे सात वर्षांनी नट बदलले, गाड्या त्याच. असा जोड सापडला की संग्राहकाला त्या रात्री झोप नाही. पॉल न्यूमनच्या १९६९च्या ‘विनिंग’मधला एकावर एक गाड्या आदळण्याचा भयंकर अपघात हा १९६६च्या इंडियानापोलिस ५०० या अमेरिकेतल्या शर्यतीतला पहिल्या फेरीचा खरा अपघात आहे.

आवाजाचं प्रकरण वेगळंच, आणि त्यात आपलं कोल्हापूर जगाला ऐकणार नाही. शिवाजी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये, शटर खाली ओढून, मी अधूनमधून रिळं लावतो. बघायला टर्नर, फिटर, पॅटर्न मेकर, शिरोलीच्या फाउंड्रीतली दोन-चार मंडळी. इंग्रजी संवाद कुणाला कळत नाहीत आणि त्यानं कुणाचं काही अडतही नाही. एकदा इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीचा सिनेमा चालू होता. पहिली गाडी वळणावरून गेली तसे मागं बसलेले एक वयस्कर मिस्त्री म्हणाले, “ह्यो आवाज ह्या गाडीचा न्हवं.” मी म्हटलं, कशावरून? “चार शिलिंडरची गाडी हाय ओ ही. आवाज बाराचा लावलाय. आन् गिअर पाचदा बदलला, खाली हात एकदा बी हलला न्हाई.” नंतर रीळ परत लावून मोजलं. मिस्त्रींचं बरोबर होतं. स्वस्तातल्या सिनेमात एकाच इंजिनाचं ध्वनिमुद्रण सगळ्या गाड्यांना चिकटवायची पद्धत सर्रास होती.

मोठी माणसंही यातून सुटलेली नाहीत. क्लॉद लेलूशनं १९७६ साली पहाटेच्या पॅरिसमधून सुसाट गाडी पळवून आठ-नऊ मिनिटांचा अखंड एका शॉटचा लघुपट केला, ‘सेते अं राँदेव्हू’. आवाज फेरारीचा. कित्येक वर्षं त्याच्या चोरट्या व्हिडिओ कॅसेटी हातोहात फिरत होत्या आणि फेरारी कोण चालवत होतं यावर भांडणं चालायची. कॅमेरा लावलेली गाडी होती मर्सिडीज, चालवणारा स्वतः लेलूश, आणि फेरारीचा आवाज नंतर चढवलेला. हे कळल्यावर लघुपटाची किंमत उतरायला हवी होती. उलट वाढली. नाद असलेल्या माणसाला लबाडी सापडली की तो वस्तूवर आणखीच जीव लावतो.

आता हे सिनेमे एवढे दुर्मिळ का झाले, ते. सरसकट उत्तर नाही. काहींच्या कंपन्याच बुडाल्या आणि हक्क कुणाकडं गेले हे वारसांनाही ठाऊक नाही. काहींत वापरलेल्या गाण्यांचे हक्क फक्त थिएटरपुरते घेतले होते, व्हिडिओचा जमाना आल्यावर परत पैसे मोजायला कुणी तयार झालं नाही. काही स्कोपमध्ये, म्हणजे रुंद पडद्यासाठी केलेले होते, टीव्हीसाठी दोन्ही बाजू छाटल्या आणि नेमक्या गाड्या कापल्या गेल्या. रोमन पोलान्स्कीनं १९७१च्या मोनॅको ग्रां प्रीत जॅकी स्टुअर्ट या ड्रायव्हरच्या मागं राहून केलेला ‘वीकेंड ऑफ अ चॅम्पियन’ हा माहितीपट अनेक दशकं जवळपास कुणाला बघायलाच मिळत नव्हता. लॅबकडून निगेटिव्हचं काय करायचं अशी विचारणा झाली तेव्हा तो पुन्हा उजेडात आला आणि २०१३ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. पोलान्स्की आणि स्टुअर्टसारखी नावं असताना ही गत, तर मेव्हण्याच्या सिनेमाचं निगेटिव्ह कुठल्या तळघरात आंबत पडलं असेल याचा विचार करा. पुष्कळ वेळा सोळा एमएमची प्रिंट हाच शेवटचा पुरावा उरलेला असतो.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर जुनं ते सोनं असा समज व्हायचा. मिकी रूनीचा ‘द बिग व्हील’, १९४९चा. अमेरिकेत तेव्हा कॉपीराइटचं अठ्ठावीस वर्षांनी नूतनीकरण करावं लागे. ते झालं नाही, सिनेमा सार्वजनिक मालकीचा झाला आणि ज्याला त्याला डीव्हीडी काढायची मुभा मिळाली. आज तो इंटरनेटवर फुकट दिसतो, बहुतेक ठिकाणी घाणेरड्या प्रतीत. त्याची सोळा एमएम प्रिंट कुणी ‘दुर्मिळ’ म्हणून गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून पुढं जा. अपवाद एकच, प्रिंट खरोखर स्वच्छ, काळ्या-पांढऱ्याच्या सगळ्या छटा शाबूत असलेली असेल तर.

बाजारात आणखी दोन जाती आहेत ज्या भाव चढवतात. एक घड्याळवाले. स्टीव्ह मॅक्वीननं १९७१च्या ‘ले माँ’मध्ये हॉयर मोनॅको हे घड्याळ घातलं, तेव्हापासून त्यांना त्या सिनेमाचा कागदाचा कपटाही हवा असतो. दुसरे गाडीच्या एका ब्रँडचे भक्त. त्यांना सिनेमा नको, त्यातली आपली गाडी हवी. १९७०च्या ले माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत मॅक्वीनच्या कंपनीनं कॅमेरे बसवलेली पोर्शे ९०८ खरोखर उतरवली होती, रीळ बदलायला ती पुन्हा पुन्हा पिटमध्ये यायची, तरी चोवीस तास टिकली. मात्र नियमाइतकं अंतर न भरल्यानं निकालात धरली गेली नाही. हे ऐकल्यावर पोर्शेवाल्याचा हात खिशाकडं जाणारच. यांच्याशी बोली लावण्यात अर्थ नाही. त्यांच्या वाटेला न येणारे सिनेमे शोधा.

आपल्याकडचं म्हणाल तर रेसिंगपट फारसे नाहीतच. फिरोज खानचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा ‘अपराध’, १९७२चा. त्यातली शर्यत जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवरची. मला स्वतःला त्याहून ओढ आहे ती मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींच्या फिल्मची. हौशी लोकांनी आठ एमएमवर घेतलेली तीन-चार मिनिटांची रिळं घराघरांतून पडून आहेत. त्यांना नाव नाही, टायटल नाही. डब्यावर ‘ऊटी आणि रेस’ असं काहीतरी खरडलेलं असतं. तुमच्या नात्यात दक्षिणेत नोकरी केलेलं कुणी असेल तर माळा तपासा. पैशापरीस हे काम मोठं आहे.

कोल्हापूरकराला हे पटवायला वेळ लागू नये खरं तर. बाबूराव पेंटरांनी इथं कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि त्यांचा १९२०चा ‘सैरंध्री’ आज कुणाला बघता येत नाही. १९४८च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटला. भारतात तेराशेच्या वर मूकपट निघाले, त्यातले हाताला लागतात ते अगदी थोडे. जे गेलं ते सगळं अभिजात होतं असंही नाही. पण त्यातल्या एखाद्या टुकार सिनेमात नायकामागं १९२५चा भवानी मंडप दिसला असता, तर तो बघायला आपण किती मोजलं असतं?

आता खरेदीचं. पहिलं काम नाकाचं. डबा उघडल्या उघडल्या शिरक्याचा आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेट पाया कुजायला लागलाय. याला व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात आणि तो उलटवता येत नाही, फक्त हळू करता येतो. अशी प्रिंट बाकीच्यांपासून लांब ठेवायची, कारण ती वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही लागते. विक्रेता डबा आधीच उघडून पंख्याखाली ठेवून बसला असेल तर शंका घ्या.

मग रंग. १९५०पासूनच्या ईस्टमन कलर प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी-तांबडं होऊन बसतं. आकाश गुलाबी, गवत विटकरी. विक्रेते याला ‘जुना लूक’ म्हणतात. त्या काळची टेक्निकलरच्या डाय-ट्रान्सफर पद्धतीची प्रिंट मात्र अजून लखलखीत असते, कारण तिचे रंग वेगळ्या रीतीनं चढवलेले असतात. रेसिंगपटात याला फार महत्त्व आहे. इटलीचा तांबडा, ब्रिटनचा हिरवा, फ्रान्सचा निळा ही त्या वेळी गाड्यांची ओळख होती. हिरवी आणि निळी दोन्ही तपकिरी दिसायला लागल्या तर जुळवाजुळव संपलीच.

फिल्मच्या कडेला बघा. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्यावरून फिल्म कुठल्या साली बनली ते काढता येतं. मात्र त्याच खुणा वीस वर्षांनी परत यायच्या, तेव्हा खुणेसोबत बाकीचा अंदाजही लावावा लागतो. सिनेमा १९५५चा आणि फिल्म १९७२ची असं निघालं तर ती नंतर काढलेली कॉपी आहे, किंमत त्या हिशेबानं.

फिल्मच्या कडेच्या भोकांवरून नखाची कड हलकेच फिरवा. पिंजलेली लागली तर मशीन ती खाणार. जोड, म्हणजे तुटलेली फिल्म चिकटवलेल्या जागा, मोजा, आणि जोड कुठं आहेत ते बघा. शर्यतीच्या भागातच दाट जोड असतील तर आधीच्या कुणीतरी चांगले तुकडे कापून घेतलेत. हा प्रकार फार चालतो. आणखी एक लक्षात ठेवा, सोळा एमएमवर आवाज चित्राच्या सव्वीस फ्रेम पुढं असतो, म्हणून जोड गेल्यावर चित्र आणि आवाज एकाच वेळी उडी मारत नाहीत. सेकंदभराच्या फरकानं दोन उड्या आल्या तर तो मशीनचा दोष समजून ऑपरेटरला शिव्या घालू नका.

ठेवण्याबद्दल. आपल्या पावसाळ्यात फिल्म ठेवणं म्हणजे शिक्षा आहे. हवाबंद पिशवीत बांधून ठेवू नका, आम्लाची वाफ आतच कोंडते. गंजके पत्र्याचे डबे फेका, हवेला थोडी वाट असलेले प्लास्टिकचे घ्या, रिळं आडवी ठेवा, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या खोलीत. तळमजला नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शहरात कुठवर आलं ते सगळ्यांनी बघितलंय. रीळ भिजलंच तर उन्हात वाळवायची घाई अजिबात करू नका. थर एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना चित्र निघून येतं. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि एक-दोन दिवसांत जाणकारापर्यंत पोचवा.

कायद्याचं थोडक्यात. प्रिंट तुमची झाली म्हणजे सिनेमा तुमचा झाला नाही. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. घरात चार माणसांत बघणं वेगळं, तिकीट लावून दाखवणं किंवा स्कॅन करून चॅनेलवर चढवणं वेगळं. १९५०च्या दशकातल्या सिनेमाची ती मुदत आपल्याकडं संपलेली आहे, पण परदेशात संपलेली असेलच असं नाही, आणि चॅनेल तर सगळीकडं दिसतं.

प्रिंट घेऊन कुलूप लावून बसणाऱ्यांबद्दल मला अजिबात आदर नाही. ‘माझ्याकडं एकट्याकडं आहे’ एवढ्या एका वाक्यासाठी ते फिल्म कुजू देतात. मेव्हण्यांना तसं करू देऊ नका. मशीनवर चढवायच्या आधी दोन्ही रिळं रिवाइंडरवर हातानं एकदा पूर्ण फिरवून घ्या, वीजेचा रिवाइंडर नको. कडेवरच्या खुणांचे, सुरुवातीच्या पट्टीचे आणि टायटलचे फोटो काढा, आणि नाव पक्कं झालं की पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला एक पत्र टाका. वास आंबट येत असेल तर हे सगळं पुढच्या पावसाळ्याच्या आत उरका. आणि पिटमधल्या शॉटमध्ये गाड्यांचे आकडे वाचता येत असतील तर त्या फ्रेमचे फोटो मला जरूर पाठवा, उद्यमनगरातल्या मंडळींपुढं ठेवतो.